ओल्या तळहातांचे फोन

माझ्या फोनला कव्हर नसतं. त्यावरून मला इतकं ऐकून घ्यावं लागलंय की आता सवय झाली आहे. कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसणारी बाई, मोबाइलच्या दुकानातला पोरगा, मावशीचा जावई, सगळे एकच म्हणतात, "अगं, एवढा चांगला फोन, पडला म्हणजे?" पूर्वी मी नुसतं हसायचे. आता सरळ सांगते. माझ्या तळहातांना घाम येतो.

उन्हाळ्यात सगळ्यांना येतो तो वेगळा. माझ्या हातांना डिसेंबरात, पंखा लागत नाही तेव्हाही येतो. शांत बसून वाटाणे सोलत असले तरी येतो. टेबलावर हात ठेवून उचलला की पाची बोटांचा ओला ठसा उमटतो आणि हळूहळू वाळत जातो. शाळेत पेपर लिहिताना मनगटाखाली रुमालाची घडी ठेवायचे, नाहीतर शाई पसरायची. एकदा पर्यवेक्षक बाईंनी तो रुमाल उचलून झटकून पाहिला, आत काही लिहून आणलंय का म्हणून. त्यातून एक चिठ्ठीही पडली नाही, पण त्यांची बोटं ओली झाली आणि त्यांनी ती पदराला पुसली. ते पुसणं मला कॉपी सापडल्यापेक्षा जास्त लागलं. मंगळागौरीला मैत्रिणी फुगडीसाठी माझा हात धरायच्या आणि वेग आला की आमचे हात सुटायचे. पुढे पुढे मी गाणी म्हणणाऱ्यांत बसायला लागले. खूश असायची ती फक्त कासारीण. "काय हात आहे! बांगडी कशी सरकन जाते," म्हणायची.

आम्ही संत तुकाराम नगरात राहतो. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. ते मूळचे मावळातल्या एका खेड्यातले. तरुणपणी पिंपरीच्या एका कंपनीत प्रेस शॉपला लागले आणि तिथूनच रिटायर झाले. बोलणं अजून गावाकडचंच आहे. आई म्हणते, एवढी वर्षं शहरात काढली पण यांची जीभ काही आली नाही इकडे.

मला पहिला स्मार्टफोन मिळाला तो डिप्लोमाला असताना. साधा, स्वस्तातला, मागून प्लॅस्टिकचा. त्या प्लॅस्टिकवर बारीक रेघोट्या होत्या, नखाने ओढल्या तर खर्र आवाज यायचा. तो फोन माझ्या हातातून कधी सुटला नाही. का सुटला नाही याचा मी तेव्हा विचार केला नाही. जी गोष्ट सुरळीत चालते तिचा कोण विचार करतं?

दुसरा फोन धातूच्या अंगाचा होता. गार, गुळगुळीत, दिसायला सुंदर. हात ओला झाला की तो मासा पकडल्यासारखा वाटायचा. वर्षभरात त्याच्या काठावर, नेमकं माझा तळवा टेकायचा तिथे, मिठाच्या कण्यांसारखे पांढरे ठिपके आले आणि रंग सोलवटला. दुकानदाराने उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "ताई, कोकणात राहता का? समुद्राच्या हवेनं होतं असं." मी हो म्हणून टाकलं.

कव्हरं लावून पाहिली नाहीत असं नाही. सिलिकॉनच्या कव्हरखाली घाम साचायचा, वास यायचा आणि तळहातावर पुरळ उठायचं. कडक प्लॅस्टिकचं कव्हर फोनपेक्षाही गुळगुळीत. पाकिटासारखं उघडणारं कव्हर पावसाळ्यात बुरसटलं. मी सगळी काढून टाकली. पण अण्णांना हे काही पटायचं नाही. दर रविवारी भाजीला म्हणून पिंपरीच्या बाजारात जायचे आणि पिशवीतून मेथीच्या जुडीबरोबर एक नवं कव्हर निघायचं.

"आगं, ह्ये बघ. रबरी हाय. लई घट्ट बसतंय हातात."

"अण्णा, मला चालत नाही हो रबर."

"आदी घालून तर बघ. न्हाई पटलं तर ठिऊन दे."

मी ठेवून द्यायचे. टीव्हीखालचा एक खण त्या कव्हरांनी भरून गेला. काही तर माझ्या फोनच्या मापाचीही नव्हती. आई म्हणायची, "आता दुकानच टाका."

डिप्लोमानंतर मला चाकणच्या एका कारखान्यात तपासणी विभागात नोकरी लागली. तिथे गाड्यांच्या गिअरबॉक्ससाठी शाफ्ट बनायचे. ग्राइंडिंग होऊन आलेला शाफ्ट आरशासारखा चकचकीत असतो. तो उचलायचा, मायक्रोमीटरने मोजायचा, डोळ्यांनी पाहायचा आणि पुढे सरकवायचा. नाशिक फाट्यावरून सकाळी बस पकडायची, भोसरी आणि मोशी ओलांडून चाकण. नोकरी पक्की झाल्यावर मी हौसेने काचेच्या पाठीचा फोन घेतला.

काच मोठी लबाड असते. हात नुसते दमट असले की ती हाताला अशी धरून बसते की वाटतं याहून चांगलं काही नाही. सकाळी बसमध्ये मी निवांत फोन वापरायचे. पण हात खरोखर ओले झाले, थेंब साचायला लागले, की त्याच काचेवर पाण्याचा पातळ पडदा होतो आणि फोन साबणाच्या वडीसारखा बोटांमधून बाहेर येतो. आणि माझे हात नेमके कधी भिजायचे? घाई असली की, कुणी रागावलं की, वरच्या साहेबांचा फोन आला की. म्हणजे फोन घट्ट धरायची गरज असायची तेव्हाच.

एकदा कंपनीच्या दारात बसमधून उतरताना आईचा फोन आला. मागून लोक उतरत होते, मी घाईने फोन कानाला लावला आणि तो निसटला. आधी बसच्या पायरीवर, मग रस्त्यावर. पुढची काच वाचली, पाठ मात्र कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकली. काचेचे कण बोटात घुसू नयेत म्हणून मी फर्स्ट एडच्या पेटीतली कापडी चिकटपट्टी मागे लावली.

"फोनला लागलं का गं?" बसमधल्या बायका हसायला लागल्या.

मीही हसले. पण दोन-चार दिवसांनी माझ्या लक्षात आलं की ती कापडी पट्टी लावल्यापासून फोन हातातून सुटत नाहीये. काचेची पाठ शाबूत असताना जे जमलं नाही ते जखमेच्या पट्टीने केलं होतं.

त्याच सुमाराला कामावर एक प्रकरण उद्भवलं. तयार शाफ्ट तेल लावून गोदामात जायचे. तिथून काही परत आले. त्यांच्यावर तपकिरी डाग होते. डाग कसले, ठसे होते. अंगठा आणि दोन बोटं, रेषा मोजता येतील इतके स्वच्छ. रस्ट ऑइल कमी पडलं का, कुठली मशीन गळते का, अशी आठवडाभर चौकशी चालली. मी गप्प होते. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं ते ठसे कुणाचे आहेत.

आमच्या विभागाच्या प्रमुख बाई होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. मूळच्या रत्नागिरीच्या, आवाज खणखणीत, पण ओरडलेल्या कधी ऐकल्या नाहीत. त्यांनी एका दुपारी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर डाग पडलेला एक शाफ्ट होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या रुमालाकडे.

"हात दाखव बघू."

मी दाखवला. त्यांनी तो धरला. पुसला नाही, झटकला नाही. नुसता धरून उलटा-सुलटा करून पाहिला.

"कधीपासून आहे हे?"

"लहानपणापासून, मॅडम." मी रुमाल डोळ्यांना लावला. "मी रुमाल वापरते. तेलही लावते लगेच. मला वाटलं नव्हतं असं होईल..."

"अगं, रडतेस काय? लोखंडाला काही जणांचा घाम लागतो. माझ्या पहिल्या कंपनीत एक असेंब्लीवाला होता, त्याने हात लावला की संध्याकाळी वस्तू तांबडी व्हायची. गोरापान, देखणा माणूस. त्याला लोक म्हणायचे, तू लोखंडावर रागावतोस का रे?"

मला हसू आणि रडू एकदमच आलं. इतकी वर्षं मी हे लपवत होते आणि या बाईला ते एखाद्या मशीनच्या स्वभावासारखं माहीत होतं.

मॅडमनी मला सुती हातमोजे दिले. ते तासाभरात भिजायचे. त्यावर रबरी घातले तर आत पाणी साचायचं आणि मायक्रोमीटरचा स्क्रू बोटांना लागेनासा व्हायचा. आठवडाभर त्यांनी हे पाहिलं. मग म्हणाल्या, "हे बघ, शाफ्टवर तुझं काही जमायचं नाही. पण तुझ्यासारखी नजर मला गमवायची नाही. आपल्याच ग्रुपचा प्लॅस्टिकचा प्लांट आहे पलीकडे. तिथल्या लॅबला माणूस हवंय. प्लॅस्टिक गंजत नाही. मी बोलते त्यांच्याशी. पण त्याआधी एकदा स्किनच्या डॉक्टरकडे जाऊन ये. गेलीस कधी?"

गेले नव्हते. घरात कुणालाच कधी सुचलं नव्हतं. घाम येतो, त्यात डॉक्टर काय करणार, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

डॉक्टरांकडे अण्णा बरोबर आले. मी नको म्हणत होते, पण ते चपला घालून दारात उभेच राहिले. डॉक्टरबाई तरुण होत्या. त्या म्हणाल्या, घाबरण्यासारखं काही नाही, तुमच्या हातांतल्या घामाच्या ग्रंथी जरा जास्त उत्साही आहेत. उपाय होता. पाण्याने भरलेल्या दोन ट्रेमध्ये हात ठेवायचे आणि त्या पाण्यातून अगदी मंद करंट सोडायचा. काही दिवस रोज, मग अधूनमधून.

"करंट?" अण्णा खुर्चीत पुढे सरकले. "शॉक बसंल की पोरीला."

"मुंग्या येतात फक्त, काका. तुम्ही हात घालून बघा हवं तर."

अण्णांनी खरंच दोन्ही हात घातले. डॉक्टरबाईंनी मशीन चालू केलं. ते थोडा वेळ गंभीरपणे बसून राहिले आणि म्हणाले, "मला तर कायच कळंना."

मग माझ्या ट्रेच्या नंबरसाठी बाहेर बाकावर बसलो असताना त्यांनी वेळ घालवायला माझा फोन मागितला. पट्टी एव्हाना मळून निघाली होती, मी ती काढून टाकली होती आणि पाठ बदलून घेतली होती, पुन्हा काचेचीच, कारण त्या फोनला दुसरी येत नव्हती. अण्णांनी फोन हातात घेतला, बातम्या वाचायला लागले आणि तो त्यांच्या बोटांमधून सरळ खाली आला. मांडीवर पडला म्हणून वाचला. त्यांनी परत उचलला. परत घसरला.

"तुज्या हाताला घाम हाय म्हनून सुटतुय," ते म्हणाले. "माज्या हातनं का सुटला गं?"

मी त्यांचा हात हातात घेतला. इतक्या वर्षांत मी तो असा पाहिला नव्हता. बोटांची टोकं चकचकीत झाली होती, रेषा जवळजवळ पुसलेल्या. तळवा चामड्यासारखा, कोरडा ठणठणीत. प्रेस शॉपमध्ये उभी हयात पत्रा हाताळला होता त्यांनी. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला गेलं की मशीन त्यांचा अंगठा ओळखत नाही, पुन्हा पुन्हा ठेवायला लावतात, हे मला माहीत होतं. पण त्याचा फोनशी संबंध मी कधी लावला नव्हता.

"तुमचाही पडतो का हो फोन?"

"पडायचा लई. म्हनून तर त्ये रबरी कव्हर घातलं. तवापासून न्हाई पडत." ते जरासे ओशाळले. "मला वाटलं, तुजं बी तसंच असंल. माजं थांबलं तर तुजं बी थांबंल."

दर रविवारी मेथीच्या जुडीबरोबर घरी येत होतं ते काय होतं हे मला त्या बाकावर कळलं. स्वतःला जो गुण आला तो ते माझ्यासाठी आणत होते. कोरड्या हाताला रबर धरतं. माझ्या ओल्या हाताला ते चालत नाही. काच मात्र आम्हा दोघांनाही दगा द्यायची, त्यांना कोरडेपणामुळे आणि मला ओलीमुळे.

"एका घरातले दोन हात," मी म्हटलं, "आणि एकाला दुसऱ्याचं औषध लागू पडत नाही."

"मंग आता कव्हर आनत न्हाई," अण्णा म्हणाले, आणि थोडं थांबून, "पन रंगीत आली हायेत बरं का बाजारात."

करंटच्या उपायाने फरक पडला. हात कोरडे झाले असं म्हणणार नाही, पण थेंब पडायचे थांबले. ओल राहिली, पाणी गेलं. मध्ये खंड पडला की पुन्हा वाढतं, मग पुन्हा ट्रेमध्ये हात. मला आता त्या मुंग्यांची सवय झाली आहे.

दरम्यान मी पलीकडच्या प्लांटच्या लॅबमध्ये रुजू झाले. तिथे गाड्यांचे आतले भाग बनतात, दाराची हँडलं, गिअरची मूठ, स्टिअरिंगवरची बटणं. पहिल्या दिवशी तिथल्या सहकाऱ्याने मला कपाटातली एक बाटली दाखवली. आत पाण्यासारखं काहीतरी होतं.

"हा घाम," तो म्हणाला.

"कुणाचा?"

"कुणाचाच नाही. आपण बनवतो. मीठ, ॲसिड, युरिया, सगळं मापाने. कपडा यात भिजवायचा आणि पार्टवर घासत राहायचं. रंग सुटतो का, कोटिंग चिकट होतं का, बघायचं. लोकांचे हात घामाचे असतात ना गाडी चालवताना."

मी त्या बाटलीकडे बघत राहिले. ज्या गोष्टीसाठी मी आयुष्यभर रुमालामागे लपले ती इथे चिठ्ठी लावून कपाटात ठेवलेली होती आणि तिच्यावर पास झाल्याशिवाय एकही मूठ गाडीत बसत नव्हती. म्हणजे मूठ बनवणाऱ्या कुणीतरी माझ्यासारख्यांचा आधीच विचार केला होता. मी सहकाऱ्याला माझा हात दाखवला. तो म्हणाला, "भारीच की! मग बाटली संपली तरी काम थांबायचं नाही."

लॅबमध्ये मला हातांची भाषा कळली. तिथे तळहाताएवढ्या नमुन्याच्या पाट्या असतात, प्रत्येकीचा पोत वेगळा. एक चकचकीत, एक कागदासारखी, एक संत्र्याच्या सालीसारखी, एक चामड्यासारखी. मी त्या डोळे मिटून चाचपायचे. गुळगुळीत पाटीवर घामाला जायला जागा नसते, तो मध्ये अडकतो आणि बोट त्याच्यावर तरंगतं. बारीक खाचा असल्या की पाणी त्यांत उतरतं आणि कातडी उंच भागाला टेकते. खाचा फार मोठ्या झाल्या तर टेकायलाच कमी उरतं. मला माझा पहिला रेघोट्यांचा फोन आठवला. कशामुळे टिकला होता ते आता कळलं. मऊ रबरी कोटिंगचे भाग मात्र सुरुवातीला हाताला छान बसतात आणि घामाने काही महिन्यांत चिकट होतात. असा एक नमुना ग्राहकाला फार आवडला होता. मी बाटलीची चाचणी केली आणि स्वतः आठ दिवस तो खिशात बाळगला, हाताळत राहिले. त्याचा गूळ झाला. मी अहवालात दोन्ही लिहिलं. तो नमुना बाद झाला आणि त्याच्या जागी बारीक पोताचा आला. लॅबच्या साहेबांनी मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं तेव्हा हात भिजले, पण त्या दिवशी मी ते पुसले नाहीत.

पुढे नवा फोन घ्यायचा ठरला तेव्हा मी अण्णांना बरोबर घेतलं. चिंचवडच्या दुकानात ओळीने फोन मांडले होते. विकणारा पोरगा कॅमेरा आणि स्क्रीन सांगत होता. मी म्हटलं, पाठ दाखवा. एकेक उचलून हातात धरला, तिरका केला, उलटा केला. वरून धुरकट केलेली काचेची पाठ अण्णांच्या हातातून लगेच घसरली. माझ्याही घसरली, जरा उशिराने. चकचकीत काच अण्णांना थोडी बरी वाटली. मग एका फोनची पाठ चामड्यासारखी होती, खऱ्या चामड्याची नव्हे, पण बारीक दाणेदार. तो मी उचलला आणि तो बसून राहिला.

"ह्यो बघू," अण्णांनी हात पुढे केला. त्यांच्या हातातही राहिला. त्यांनी तो दोनदा हलवून पाहिला, मग विकणाऱ्याला म्हणाले, "असलेच दोन द्या. एक माजा, एक हिचा. आनि कव्हर नको."

"काका, कव्हर फ्री आहे."

"फ्री असलं तरी नको म्हनतुय ना!"

दुकानातून बाहेर पडताना ते फोन हातातच घेऊन चालले. पिशवीत टाका म्हटलं तर ऐकेनात. रस्ता ओलांडून आम्ही रसवंतीवर बसलो, तिथे त्यांनी आईला व्हिडिओ कॉल लावला आणि अर्धा ग्लास संपेपर्यंत एका हाताने फोन धरून बोलत राहिले. आई पलीकडून म्हणत होती, "अहो, नीट धरा, पडेल."

"न्हाई पडत," अण्णा म्हणाले.

परवा लॅबमध्ये एका मोठ्या ग्राहकाकडून तपासणीला एक बाई आल्या होत्या. बंगळुरूहून. साहेबांनी ओळख करून दिली आणि त्यांनी हात पुढे केला. पूर्वी अशा वेळी मी दोन्ही हात जोडून नमस्कार करायचे. लोकांना वाटायचं, किती संस्कारी मुलगी. या वेळी मी म्हटलं, "माझे हात ओले असतात हं, कायमचेच."

त्यांनी हात मागे घेतला नाही. घट्ट धरला, हलवला आणि म्हणाल्या, "तर मग आमची गिअरची मूठ तुम्हीच पास करा." मग आम्ही दोघी नमुन्यांच्या टेबलाकडे वळलो. सकाळचं ऊन खिडकीतून थेट त्या पाट्यांवर पडलं होतं. मी पहिली पाटी उचलून त्यांच्या हातात दिली.